नोटांच्या पाठीवरचा देश

खिशातली नोट काढायची, आकडा बघायचा आणि समोरच्याला द्यायची, एवढाच आपला आणि नोटेचा संबंध. आमच्या आईचा तसा नाही. ती नोट उलटी करून पाठ बघते. ही सवय २०१६ च्या नोव्हेंबरातली. पाचशेची नवी करडी नोट पहिल्यांदा घरात आली तेव्हा आम्ही सगळे बँकेतल्या रांगांच्या गोष्टी करत होतो आणि आई चष्मा लावून नोटेवरचा लाल किल्ला निरखत होती. "हो पाठ हांवें शिकयला," ती म्हणाली. आम्ही हसलो. तिला त्यात विनोद दिसला नाही.

मग २०१७ साली पन्नासाची निळी नोट आली, तिच्यावर हंपीचा रथ. दोनशेची पिवळी आली, तिच्यावर सांचीचा स्तूप. २०१८ मध्ये दहाच्या नोटेवर कोणार्क आणि शंभराच्या जांभळट नोटेवर पाटणची राणी की वाव. २०१९ मध्ये विसाच्या नोटेवर वेरूळ. प्रत्येक नोट आली की आई ती उलटी करून एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला ओळखावं तशी ओळखायची. फक्त शंभराच्या नोटेपाशी ती अडली. जुन्या शंभरावर हिमालय होता, तो तिच्या ओळखीचा. ही पायऱ्यांची विहीर तिने कधी शिकवलीच नव्हती. आणि त्यात तिचा काही दोष नाही. अकराव्या शतकात राणी उदयमतीने बांधलेली ही वाव सरस्वती नदीच्या पुरांनी गाळात बुडाली होती. पुरातत्त्व खात्याने ती पुरती मोकळी केली १९८० च्या दशकात. आई पुस्तकं घेऊन वर्गात शिरली तेव्हा तिची बरीचशी जमिनीखालीच होती.

आई १९७२ साली सत्तरीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत रुजू झाली आणि २०१० साली निवृत्त झाली. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा उघडल्या, त्या पिढीतली ती शिक्षिका. बरीच वर्षं एकशिक्षकी शाळा. एकाच खोलीत पहिली ते चौथी, खिडकीबाहेर काजूची झाडं आणि पावसाळ्यात कौलांवर इतका आवाज की पाढे म्हणण्याखेरीज दुसरं काही शक्य नसे. त्या खोलीत उभं राहून तिने मुलांना विजयनगर दाखवलं, वेरूळ दाखवलं, लाल किल्ला दाखवला. स्वतः यातलं एकही पाहिलं नाही. गोव्याबाहेरचा तिचा प्रवास म्हणजे पंढरपूर, नरसोबाची वाडी, कोल्हापूरची अंबाबाई आणि बाबांच्या आजारपणात केलेल्या बेळगावच्या खेपा. मुलं विचारायची, "बाई, तुम्ही पाहिलंय?" ती म्हणायची, "तुम्ही मोठेपणी बघा आणि मला येऊन सांगा." काहींनी खरंच येऊन सांगितलं. एकाने तर दिल्लीहून पोस्टकार्ड पाठवलं होतं, ते अजून तिच्या ट्रंकेत आहे.

सहलीची कल्पना माझ्या लेकीची. ती अकरावीत आहे. एका रविवारी तिने सहा नोटा जेवणाच्या टेबलावर ओळीने उलट्या मांडल्या आणि जाहीर केलं, "आजी, आपण ही सहा ठिकाणं बघायची. टूरवाले सांगतात ती नकोत, सरकारने छापलीत ती." मी सवयीने बेरीज केली. आठशे ऐंशी रुपये. आठशे ऐंशी रुपयांत भारतदर्शन!

गंमत म्हणजे ही सहाही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. वेरूळ १९८३ साली त्या यादीत गेलं, कोणार्क त्यानंतर वर्षभराने, आणि राणी की वाव सगळ्यांत शेवटी, २०१४ मध्ये. तेव्हा निवड काही ऐरीगैरी नव्हती. पण माझ्या बायकोच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली. तिने सहाही नोटा चाळल्या आणि विचारलं, "यात ताजमहाल कुठे आहे?"

नाही. जगाला भारतातलं जे एक चित्र डोळे मिटून ओळखता येतं, ते यातल्या एकाही नोटेवर नाही. बायकोनेही ताजमहाल पाहिलेला नाही. लग्नानंतर जाऊ म्हणता म्हणता अठरा वर्षं झाली. ती पुढे काही बोलली नाही, नोटा गोळा करून डब्यात ठेवल्या आणि भाजी निवडायला बसली. संसारी वाचकांना या शांततेचा अर्थ सांगायला नको.

(जाता जाता एक गोष्ट. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची जी उभी पट्टी असते, तीही आईने आम्हाला दाखवली. भाषा इंग्रजी अक्षरानुक्रमे लावल्यात. कोंकणी आणि मराठी दोघीही आहेत, आणि दोघींच्या मध्ये एक मल्याळम बसली आहे. आमच्या गोव्यात १९८७ पर्यंत आणि नंतरही या दोन भाषांवरून काय काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मध्ये एखादी मल्याळम बसवायचं आपल्या कोणाला सुचलं नाही!)

आता नियोजन. मी सरकारी कारकून. माझ्या टेबलावरून दरवर्षी सहकाऱ्यांच्या एलटीसीची बिलं जातात, त्यामुळे सहल म्हटली की इतरांना डोंगर-नद्या दिसतात, मला रकाने दिसतात. एलटीसीच्या अर्जात भेटीचं ठिकाण आधी जाहीर करावं लागतं, आणि ते एकच. जवळच्या मार्गाने तिथपर्यंतचं भाडं सरकार देतं. वाटेत कुठे उतरलात तर हरकत नाही, पण वाट वाकडी केलीत तर वाकड्याचा खर्च तुमचा. सहा नोटांची प्रदक्षिणा त्या रकान्यात मावणं शक्य नव्हतं. शिवाय आईला स्वतःचं पेन्शन आहे, म्हणजे नियमाच्या भाषेत ती माझ्यावर 'अवलंबून' नाही. तिचं तिकीट आमच्याच खिशातून. हे ऐकून ती म्हणाली, "नियम करणारा शहाणा माणूस होता."

लेकीने गणित मांडलं. घरून निघून सहा ठिकाणं बघून घरी परत यायचं, तर ती कोणत्या क्रमाने बघायची याचे सातशे वीस प्रकार होतात. उलटसुलट एकच धरलं तर तीनशे साठ. मी कलाशाखेचा माणूस, मला तीनशे साठ म्हटल्यावर वर्तुळ आठवलं. मी गणित सोडलं आणि रेल्वेचा नकाशा पसरला. तेव्हा जे दिसलं त्याने मी खरंच चकित झालो. इतकी वर्षं मडगावच्या फलाटावर उभा राहतोय, पण या दोन गाड्यांकडे मी त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनला जाते. तिच्या वाटेवर मनमाड लागतं, तिथून वेरूळला जाता येतं. पुढे भोपाळ लागतं, तिथून सांची पन्नासेक किलोमीटरवर. शेवटी दिल्ली, लाल किल्ला. म्हणजे वीस, दोनशे आणि पाचशे, तीन नोटा एका गाडीवर. (आणि दिल्लीच्या अलीकडे आग्रा! हे मी बायकोला लगेच सांगितलं.) दुसरी अमरावती एक्सप्रेस, वास्कोहून कोलकात्याकडे जाणारी. ती होसपेटला थांबते, तिथून हंपी तेरा किलोमीटर. पुढे आंध्र ओलांडून ती भुवनेश्वरला जाते, आणि तिथून कोणार्क साधारण पासष्ट किलोमीटर. पन्नासाच्या नोटेवर रथ, दहाच्या नोटेवर रथाचं चाक, आणि दोन्ही रथ एकाच गाडीच्या वाटेवर!

सहापैकी पाच ठिकाणं आपल्या वास्कोहून सुटणाऱ्या दोन गाड्यांवर आहेत. दोन्ही गाड्या कुळेंहून घाट चढतात, दूधसागरापाशी सगळे प्रवासी एका बाजूच्या खिडक्यांकडे धावतात आणि लोंढ्याला वाटा फुटतात. एक बेळगावकडे, दुसरी धारवाड-हुबळीकडे. एकटी पाटणची वाव तेवढी यांतल्या कोणाच्याच वाटेवर नाही. ती तिकडे उत्तर गुजरातेत, मेहसाण्याजवळ.

मग कोणीतरी सर्क्युलर तिकिटाची आठवण करून दिली. हा रेल्वेचा जुना, फारसा कोणाला माहीत नसलेला प्रकार आहे. जिथून निघालो तिथेच परत यायचं, सगळा मार्ग आधी लिहून द्यायचा, मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी प्रवास खंडित करता येतो. लांबच्या प्रवासाला रेल्वेचा दर किलोमीटरमागे उतरत जातो, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने तिकिटं काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मडगाव, होसपेट, भुवनेश्वर, दिल्ली, मेहसाणा, भोपाळ, मनमाड, मडगाव. आठ थांब्यांच्या आत बसत होतं. गोव्यातला वास्को-कुळें हा रेल्वेमार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येतो आणि या रेल्वेचं मुख्यालयही २००३ पासून हुबळीलाच आहे. म्हटलं, चला, हुबळीलाच जाऊन विचारू.

पण खरा प्रश्न तिकिटाचा नव्हताच. आई पंचाहत्तरीची आहे. दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी ते बदलायला सांगून दोन वर्षं झाली. बायकोचं म्हणणं, आधी गुडघे, मग सहल. आईचं म्हणणं बरोबर उलट. तिच्या एका मैत्रिणीचं ऑपरेशन झालं आणि ती नंतर घराबाहेर फारशी पडलीच नाही. तेव्हापासून आईच्या मनाने धरलंय की जे बघायचं ते या जुन्याच गुडघ्यांवर. बायको ऐकत नव्हती, कारण सेवा तिलाच करावी लागणार. आई ऐकत नव्हती, कारण पाय तिचे. मी मध्ये. मल्याळम!

शेवटी ठरलं की एक रंगीत तालीम करावी. सगळ्यांत जवळची नोट पन्नासाची. हंपी करून यायची, आई कितपत चालू शकते ते बघायचं, आणि येता-जाता हुबळीला मुक्काम करून तिकिटाचीही चौकशी करायची. गेल्या जानेवारीत आम्ही चौघं निघालो.

हुबळीला आम्ही उतरलो ते लॅमिंग्टन रोडवरच्या एका लॉजवर. स्टेशनपासून जवळ, लिफ्ट चालू, खाली खानावळ. लॅमिंग्टन रोड म्हटलं की मराठी माणसाला मुंबईचा आठवतो, रेडिओचे सुटे भाग आणि कंप्युटरवाला. तोही आता कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग आहे. हुबळीचा रस्ता त्याच माणसाच्या नावाचा. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. इथे त्यांच्या नावाची शाळाही आहे. रस्त्याला पुढे सर सिद्दप्पा कंबळी यांचं नाव दिलं गेलं, पण रिक्षावाल्याला लॅमिंग्टनच कळतं. हे गव्हर्नरसाहेब मुंबईला येण्याआधी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते, आणि तिथे खोबऱ्याच्या किसात घोळवलेला एक केक त्यांच्या नावाने आजही खातात. १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या तेव्हा हे म्हातारे गृहस्थ व्यासपीठाजवळच होते आणि त्यांच्या हाताला गोळी लागली. एका माणसाच्या नावे दोन गावांत रस्ते, एक केक आणि एक गोळी. आईला उधमसिंग माहीत होते, लॅमिंग्टन माहीत नव्हता. ती खिडकीत बसून रस्ता बघत राहिली. "म्हणजे हा पाठाच्या कडेचा माणूस," ती म्हणाली.

हुबळी हे गोवेकरांना बघायचं गाव वाटत नाही, ते जाताना लागणारं गाव. कोणाचं लग्नाचं कापड, कोणाचा डॉक्टर, कोणाची गाडी बदलायची. मलाही तसंच वाटे. संध्याकाळी लेकीला घेऊन चेन्नम्मा सर्कलपर्यंत चालत गेलो. कित्तूरच्या राणीचा घोड्यावरचा पुतळा, भोवती बसगाड्यांचा गोंगाट, गाड्यावर गिरमिट आणि मिरची भजी. भजीवाल्याला मी हिंदीत विचारलं, त्याने मराठीत उत्तर दिलं, मागून त्याची आई कानडीत काही बोलली आणि सगळ्यांचं सगळ्यांना समजलं. हे गाणाऱ्यांचं गाव. गंगूबाई हनगल २००९ मध्ये गेल्या त्या इथेच, आणि सवाई गंधर्वांचं कुंदगोळ इथून हाकेवर. हुबळीसाठी वेगळी खेप करायला हवी, हे मी मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रेल्वेत चौकशी केली. खिडकीमागचा माणूस माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चष्मा कपाळावर. त्याने माझा कागद वाचला, पेन्सिलीने स्टेशनांखाली रेघा मारल्या आणि नीट समजावून सांगितलं. एकूण अंतराच्या निम्म्याचे दोन एकेरी प्रवास धरून भाडं काढतात. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा आईचं पूर्ण. आणि मुख्य म्हणजे तिकीट एक असलं तरी बर्थ एक नाही, प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. "कुठल्या तरी एका टप्प्याला वेटिंग लागलं तर?" मी विचारलं. त्याने चष्मा खाली घेतला. "साहेब, बरोबर कोण आहे?" "आई." "वय?" मी सांगितलं. त्याने कागद परत दिला आणि म्हणाला, "आधी हंपीला जाऊन या." कारकुनाला कारकुनाची भाषा कळते. मी आभार मानून निघालो.

त्या रात्रीची गाडी घेऊन आम्ही होसपेट गाठलं.

हंपीबद्दल लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय, मी फक्त आईने पाहिलेली हंपी सांगतो. विजय विठ्ठल मंदिराकडे जायला शेवटच्या किलोमीटरभर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, त्या नसत्या तर आमची तालीम तिथेच संपली असती. आत गेल्यावर आईने पर्समधून पन्नासाची नोट काढली, रथासमोर धरली आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली. मग शाळेच्या मराठीत शिरली. आई घरात कोंकणी बोलते, पण काही ठामपणे सांगायचं असलं की तिला वर्गातली मराठी लागते. "हा रथ नाही. हे गरुडाचं देऊळ आहे, रथाच्या आकाराचं. विठ्ठल आत, म्हणून वाहन बाहेर." नात ऐकत होती. पुढे जुंपलेले हत्ती मूळचे नाहीत, तिथे घोडे होते. हत्तींच्या मागे वाकून बघितलं तर घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून दिसतात. रथावर एके काळी विटांचं शिखरही होतं, १८५६ च्या सुमारास काढलेल्या छायाचित्रांत ते दिसतं. नोटेवर अर्थातच ते नाही.

घोड्यांवरून आई आपल्या गोव्यात आली. विजयनगरला घोडे हवे असत आणि ते समुद्रापलीकडून येऊन पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत, त्यांत गोवा मोठं. गोवा कधी विजयनगरकडे, कधी बहामनींकडे, मग विजापूरच्या आदिलशाहीकडे, आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे. त्यानंतर घोड्यांचा व्यापार त्यांच्या हाती. म्हणूनच तर पायेस आणि नुनिश हे पोर्तुगीज इथवर आले आणि त्यांनी लिहून ठेवलेलं विजयनगर आज इतिहासकारांना उपयोगी पडतं. हजार रामाच्या देवळाच्या भिंतीवर घोडे घेऊन चाललेल्या परदेशी माणसांची रांग कोरली आहे. आईने त्या रांगेवरून, हात न लावता, बोट फिरवलं. "हे आमच्या बाजूने आले," ती म्हणाली. लेकीने फोटो काढला.

पण तिची खरी वेळ विठ्ठलाच्या गाभाऱ्याशी आली. गाभारा रिकामा आहे. पंढरपूरचा विठोबा कृष्णदेवरायाने हंपीला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. इतिहास काय म्हणतो ते बाजूला ठेवू. आईने आयुष्यात पंढरपूर अनेकदा केलंय, तिथे दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभी राहिली आहे. इथे रांग नाही, देव नाही, एक काळोखी चौकट आणि वटवाघळांचा वास. ती उंबऱ्यापाशी दगडावर बसली आणि आम्हाला म्हणाली, तुम्ही फिरून या. आम्ही अर्ध्या तासाने आलो तरी तिथेच. बायकोने विचारलं, "पाय दुखतात?" ती म्हणाली, "नाही गं. रिकामं बघून बरं वाटलं. तो पोचला म्हणजे."

त्या रात्री उजवा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी विरुपाक्ष आणि हजार राम एवढंच झालं. राणीवसा आणि हत्तीखाना तिने रिक्षातून बघितले. मातंग टेकडीचा विषय कोणी काढला नाही.

परत लॅमिंग्टन रोडवर, त्याच लॉजवर. खानावळीतून गरम पाण्याची पिशवी भरून आणली. आईने पाय उशीवर ठेवला आणि लेकीला म्हणाली, "मांड पाहू नोटा." पलंगावर सहा नोटा मांडल्या. मला वाटलं आता ती सगळंच रद्द करणार. बायकोही तशीच तयारीने बसली होती. आईने आधी पाचशेची उचलली. "दिल्ली म्हाका नाका. दर पंधरा ऑगस्टाक टीव्हीर पळयतां." ती माझ्या हातात. मग शंभराची. "ही जमिनीखाली सात मजले उतरते म्हणतात. उतरणं एक वेळ जमेल. वर कोण आणणार?" त्या शंभरातून तिने चहा आणि भजी मागवली. राणी की वाव लॅमिंग्टन रोडवर मोडली गेली. पन्नासाची तर झालीच, ती तिने घडी घालून पोथीत ठेवली.

उरल्या तीन. दहा, वीस, दोनशे. मग तिने आम्हा दोघांना प्रत्येक ठिकाणाची चौकशी अशी केली की जणू ती शाळा तपासायला आलेली भागशिक्षणाधिकारी. कोणार्कला जमीन सपाट आहे का? आहे, देऊळ बाहेरून फिरूनच बघायचं, मंडपात इंग्रजांनी १९०३ मध्ये वाळू भरून तो बंद केला. वेरूळला? कैलास लेणं जमिनीच्याच पातळीवर, फाटकासमोर. ते एक पाहिलं तरी नोट वसूल. सांचीला टेकडी आहे ना? आहे, पण गाडी वरपर्यंत जाते. तिने मान हलवली. "मग एका फेरीत नको. दोन फेऱ्या करू. लोंढ्याहून इकडची एक, तिकडची एक."

सर्क्युलर तिकिटाचा कागद मी घडी घालून खिशात ठेवला. इतकं सोपं उत्तर तीनशे साठात नव्हतं, कारण त्या हिशेबात माणसाला मध्येच घरी येऊन आठवडाभर झोपायची मुभा नव्हती.

बायको अजून गप्प होती. आईने तिच्याकडे पाहिलं. "तिकडच्या फेरीत मी आणि हा भोपाळला राहू. तू आणि पोर आग्र्याला जाऊन या. एक रात्र. माझ्याबरोबर तुझा ताजमहाल होणार नाही, मी सारखी बसायला जागा शोधणार." बायको म्हणाली, "तुम्हाला सोडून?" आई म्हणाली, "मला सोडूनच. अठरा वर्षं झाली." आणि भजी थंड होतायत म्हणून सगळ्यांना ओरडली. बायकोने तिचा गुडघा शेकायला घेतला. दोघींमध्ये त्यावर पुढे चर्चा झाली नाही, पण परतीच्या गाडीत बायको लेकीच्या मोबाइलवर आग्र्याची थंडी किती असते ते बघत होती.

आता स्थिती अशी आहे. एलटीसीच्या अर्जात भेटीच्या ठिकाणी मी कोणार्क लिहिलंय. सहकाऱ्यांनी विचारलं, अरे, काश्मीर नाही, अंदमान नाही, कोणार्क? पाऊस संपला की निघायचं. भुवनेश्वरपर्यंत दीड दिवसाच्या आसपास गाडीत बसणं आहे, पण बसण्या-झोपण्याला आईची तक्रार नसते, तक्रार चालण्याची. साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडेल, त्यासाठी लेकीने दोन मोबाइलवर गजर लावून ठेवलाय. खालचा बर्थ मिळाला नाही तर ती तारीख सोडून पुढची धरायची, एवढी अट आहे. वेरूळ, सांची आणि बायकोचा आग्रा त्यानंतर, स्वखर्चाने.

परवा आईला तपासायला नेलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि विचारलं, "मग, कधी करायचं?" आई म्हणाली, "दहाची नोट झाली की उजवा करा. डाव्याचं दोनशेनंतर बघू." डॉक्टरांना वाटलं ती फीबद्दल बोलतेय.